पटावर अकरा, बाजूने सहा

(गोव्यातल्या एका बाईंचे पत्र थोडे आवरून देत आहे. गाव ओळखू येऊ नये म्हणून नगरसेवकांचा आकडा मी बदलला आहे, तेव्हा कोणी शोधत बसू नये.)

"ताई, सप्रेम नमस्कार. एकतीस वर्षे हायस्कुलात गणित शिकवून गेल्या मे महिन्यात मी निवृत्त झाले. पुढे काय, हा प्रश्न पडायच्या आतच पालिकेच्या निवडणुका लागल्या. आमचा प्रभाग महिला राखीव झाला. माजी विद्यार्थी घरी येऊन बसले, 'टीचर, तुम्हीच.' कुठल्याच पॅनलमध्ये न जाता उभी राहिले आणि ४३ मतांनी आले. आता पंचाईत अशी, की अकरांपैकी पाच एकीकडे, पाच दुसरीकडे आणि मध्ये मी. नगराध्यक्षपद या खेपेस महिलेसाठी राखीव आहे. परवा एका गटाचे दोघे मिठाई घेऊन आले. पहिले पंधरा महिने तुम्ही, नंतर आमच्यातली एक, असे म्हणाले. मला त्यातले काही कळत नाही म्हटल्यावर त्यांतला एक, जो माझाच विद्यार्थी, हसून म्हणाला, 'टीचर, तुमी फकत सय करात, बाकीचें आमी पळयतात.' तेव्हापासून झोप नाही. मिस्टर म्हणतात, एवढी वर्षे कमावलेले नाव चिखलात घालू नकोस. पुण्याची लेक म्हणते, आई, घेऊन टाक. सासूबाईंना वाटते मी 'मेयर' होणार, आणि त्या शेजारीपाजारी सांगून मोकळ्या झाल्या आहेत. अजून खुर्चीत बसलेही नाही तोच आणखी एक विद्यार्थी येऊन गेला. शाळेच्या फाटकाजवळ त्याचा रोस ऑम्लेटचा गाडा आहे, तो 'रेग्युलर' करून हवा आहे. नववीत त्याला मीच दोनदा नापास केले होते. शिक्षिकेला हे सगळे शोभते का? आणि जमेल का?"

बाई,

आधी सासूबाईंचे. महापौर गोव्यात एकच, तो पणजीचा. २००२च्या कायद्याने तिथे महानगरपालिका झाली. पेडण्यापासून काणकोणपर्यंत बाकीच्या तेरा शहरांत नगरपालिका, आणि तिथे नगराध्यक्ष. बोलताना आपण चेअरपर्सन म्हणतो. हे त्यांना सांगून पाहा, पण त्या ऐकणार नाहीत. माझ्या आईने माझे 'मेयर' शेवटपर्यंत सोडले नाही, मला खाली उतरवल्यावरसुद्धा.

हो, मीही त्या खुर्चीत बसले आहे. अकरा वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना मराठी शिकवले, मग दोनदा नगरसेविका झाले आणि त्यांतले चौदा महिने नगराध्यक्ष. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते भोगून लिहिते आहे.

शोभते का, हा प्रश्न मी फार वेळ हातात धरणार नाही. तो तुम्हाला स्वतःला पडलेला नाही, जेवणाच्या टेबलावरून तुमच्या पत्रात आला आहे. आपल्या गोव्यात शशिकलाताई काकोडकर १९७३ साली, वयाच्या ३८व्या वर्षी मुख्यमंत्री झाल्या. मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना, घरातून हुसकता येऊ नये म्हणून १९७५चा कायदा आला तो त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे १९९०मध्ये शिक्षणमंत्री असताना मराठी-कोकणीतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान, हा निर्णयही त्यांचाच, ज्यावरून आपण गोंयकार अजून भांडतो. त्या शोभल्या की नाहीत, हे त्या काळी कोणी विचारले असेल तर ते आज कोणाला आठवत नाही. मात्र एक गोष्ट आठवणीत ठेवण्यासारखी आहे. एप्रिल १९७९मध्ये त्यांचे सरकार पडले, आणि पडले ते स्वतःच्याच पक्षाचे आमदार फुटल्यामुळे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची लेक असूनही बेरीज चुकली की काय होते ते त्यांनी पाहिले. तुमच्यामागे तर भाऊसाहेब नाहीत.

म्हणून बेरजेकडे येऊ, नाही तरी तो विषय तुमचाच.

आपल्याकडे पालिकेची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पॅनल असते, पॅनलमागे आमदार असतो, त्याला आपण 'पात्रांव' म्हणतो आणि कोण कोणाचा ते सगळ्या गावाला ठाऊक असते. पण कागदावर तुम्ही अकराही जण सुटे. चिन्हच नाही तर पक्षांतर कसले? म्हणून आपल्या पालिकांतली खुर्ची इतकी डुगडुगते. नगराध्यक्ष थेट लोकांतून येत नाही, नगरसेवकच आपल्यातून एकाला निवडतात आणि एकूण सदस्यांतले निम्म्याहून जास्त जण विरोधात गेले की अविश्वास ठरावाने उतरवतात. अकरांत सहा. पाच आणि पाच यांच्यामध्ये तुम्ही उभ्या आहात, म्हणजे ज्याच्याकडे तुम्ही जाल त्याची पालिका. मिठाई घेऊन आले ते तुम्ही गणित छान शिकवता म्हणून नव्हे, तुम्ही सहाव्या आहात म्हणून. याचे वाईट वाटून घेऊ नका. मला मात्र वाटले होते, आणि त्या वाईट वाटण्यात माझे पहिले तीन महिने गेले.

तुमची जागासुद्धा अशीच एका भागाकारातून आली आहे. घटनेच्या २४३-टी कलमात पालिकांतल्या किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांना द्याव्यात असे आहे. २०२१ साली मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे आणि सांगे या पाच पालिकांचे आरक्षण उच्च न्यायालयाने रद्द केले, कारण स्त्रियांच्या जागा या तृतीयांशाला पुरत नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने १२ मार्च २०२१ रोजी तेच कायम केले आणि त्या पाच ठिकाणी निवडणूक नव्याने, एप्रिलमध्ये झाली. २५ प्रभागांचा तिसरा हिस्सा आठ पूर्णांक एक तृतीयांश येतो, आणि 'किमान' हा शब्द असला की आठावर थांबता येत नाही, नऊ करावे लागतात. हे सातवीतल्या पोराला कळते. सरकारला कळण्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले. तेव्हा राखीव जागेवरून आलेली म्हणून कोणी तुम्हाला कमी लेखले तर गप्प बसू नका. एवढे मात्र ध्यानात असू द्या, की आरक्षण फिरते असते. पुढच्या खेपेला तुमचा प्रभाग राखीव राहीलच असे नाही, आणि तेव्हा आज 'टीचर, तुम्हीच' म्हणणाऱ्यांतला एखादा स्वतःच उभा असेल.

आता ते 'फकत सय करात'.

त्या मुलावर रागावू नका. त्याने खरे सांगितले, आणि राजकारणात पहिल्याच भेटीत कोणी इतके खरे सांगत नाही. त्यांना तुमचे मत नको आहे, तुमची अब्रू हवी आहे. एकतीस वर्षे कोणाचा रुपया न घेतलेली बाई फाइलच्या तळाशी दिसली की वरच्या पानांवर काय आहे ते कोणी वाचत नाही. हा सौदा आहे, आणि तो ओळखून करायचा की न ओळखता, एवढेच तुमच्या हातात आहे. मी न ओळखता केला. कसा, ते सांगते.

मे महिना होता. मान्सूनपूर्व गटारसफाईची कामे चालू होती. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून गेले होते, शिपाई खिडक्या लावत होता आणि दुसऱ्या दिवशी माझ्या भाचीचे लग्न होते. ज्युनियर इंजिनिअर एक फाइल घेऊन आला. बाजारामागच्या नाल्याचा गाळ काढला, लांबी १२० मीटर, काम समाधानकारक. माझी सही कुठे हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवलेली. ती फुली पाहून मला त्याचे कौतुकच वाटले, किती व्यवस्थित मुलगा म्हणून! सही केली आणि लग्नाला गेले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला तो तीन दिवस थांबला नाही. बाजारात गुडघाभर पाणी. पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी बेगमी करून ठेवण्याचा, हंगाम नुकताच सरत होता. खेड्यांतून येणाऱ्या बायकांकडे सुक्या मिरच्या, सोले, सुकी सुंगटे यांची उरलीसुरली पोती होती, ती सगळी भिजली. मी छत्री घेऊन पोचले तेव्हा मिरच्यांचा लाल रंग पाण्यावर पसरला होता. एक म्हातारी पोते उपसत होती. मी काही बोलायच्या आत मान वर करून म्हणाली, "सय तुजीच न्हय गो, बाये?"

तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण विरोधी गटाने त्या पानाच्या झेरॉक्स काढून सकाळीच बाजारात वाटल्या होत्या आणि कोणीतरी तिला सहीवर बोट ठेवून दाखवले होते.

पाणी ओसरल्यावर मी नाला मोजायला गेले. घरातली शिवणकामाची टेप घेऊन, म्हणजे किती अक्कल होती पाहा. दीड मीटर, दीड मीटर करत मोजताना बाजारातली सगळी पोरे मागे. १२० मीटरांपैकी गाळ काढलेला होता तो चाळीसेक मीटर, पुलावर उभे राहिले की नजरेला पडतो तेवढाच. मी मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहिले की उरलेले बिल अडवा आणि फेरमोजणी करा. ठेकेदार माझ्याच गटातल्या एकाचा मेव्हणा निघाला. दोन महिन्यांनी माझ्यावर अविश्वास ठराव आला, माझ्याकडचे तिघे पलीकडे गेले. ठराव सकाळी झाला. दुपारी जेवून सामान आणायला गेले तर दारावरची नावाची पाटी काढलेली होती, स्क्रूची दोन भोके तेवढी राहिली होती.

त्या सहीचा मला अजून पश्चात्ताप होतो. पत्राचा होत नाही.

मग तुम्ही पद घ्यावे का? घ्यावे, असे माझे मत आहे. तुम्ही बाहेर राहिलात तर नाव स्वच्छ राहील हा तुमच्या यजमानांचा समज चुकीचा आहे. तुम्ही आता नगरसेविका आहात, ठरावाला हात वर केलात तरी जबाबदारी आली आणि नाही केलात तरी आली. चिखल आहेच, त्यात उभे कुठे राहायचे ते ठरवायचे. पण घेताना तुमच्या अटीवर घ्या, आणि अट एकच ठेवा. पद, पैसा, समित्या, कोणाच्या प्रभागात किती डांबर, यांतले काही मागू नका. एवढेच म्हणा, की कोणतीही फाइल माझ्या टेबलावर एक रात्र राहील. आज आली तर उद्या सही. आग लागली तरी.

हे दोन्ही गटांना सांगा, एकेकट्याला नव्हे, चारचौघांत, आणि त्यांचे चेहरे पाहा. तुम्ही वर्गात एकतीस वर्षे चेहरे वाचले आहेत. गृहपाठ न केलेला पोरगा वही उघडायच्या आधीच ओळखू येतो. ज्या गटातले लोक या अटीवर 'एवढेच ना?' म्हणतील त्यांच्याबरोबर जा. जे म्हणतील, 'टीचर, कामे अडतील,' त्यांना विचारा कोणती. दोघांनीही तोंड फिरवले तर सहावे मत स्वतःकडे ठेवा आणि साधी नगरसेविका म्हणून बसा. तेही थोडे नाही. अकरांच्या पालिकेत विकत न मिळणारे एक मत असले की इतर दहा जण जरा जपून बोलतात.

पंधरा महिन्यांच्या समजोत्याला हो म्हणायला माझी हरकत नाही. तो सगळीकडे चालतो, त्यात पाप नाही. पण तो बंद खोलीत नको, निवडीच्या दिवशी सभागृहातच बोलून टाका. आणि कोणी आधीच राजीनाम्याचा कागद पुढे करून 'तारीख आम्ही घालू, टीचर' म्हणाले तर तिथेच उठा. कोऱ्या उत्तरपत्रिकेवर तुम्ही कधी गुण दिलेत का?

निवडीच्या दिवशी घाबरून जाऊ नका. पूर्वी गुप्त मतदान असे, आता २०२२च्या दुरुस्तीनंतर हात वर करून निवड होते. तुम्हाला ते घरचेच वाटेल. फरक इतकाच, की वर्गात हात वर करणाऱ्याला उत्तर येत असते, पालिकेत त्याला फोन आलेला असतो.

जमेल का, या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला कोणते काम करायचे आहे त्यावर आहे. लोकांना वाटते नगराध्यक्ष म्हणजे गावाचा मालक. तसे नाही. कारभार चालवतो तो मुख्याधिकारी, तो सरकारचा माणूस, आणि वर पणजीला नगरविकास संचालनालय. तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून नळाला पाणी नाही म्हणून बायका येतील; पाणी सरकारी खात्याचे. दिवे गेले म्हणून रात्री अकराला फोन येईल. वीज वीज खात्याची. बाराव्या परिशिष्टात पालिकांसाठी अठरा विषय लिहिले आहेत खरे, पण हातात येतात ते गटार, कचरा, बाजार, घरपट्टी, बांधकाम परवाने आणि गावातले छोटे रस्ते. मोठी इमारत किंवा मार्केट बांधायचे म्हटले की नगरविकास संस्थेच्या दारात उभे राहावे लागते, म्हणजे पर्यायाने पुन्हा पात्रांवाच्या दारात. हे आधीच माहीत असले म्हणजे चिडचिड कमी होते.

पण हातात आहे ते थोडे नाही. आणि त्यातला निम्मा भाग गणित आहे! घरपट्टीच्या थकबाकीची यादी मागवा. नुसती बेरीज नको, सर्वांत मोठे वीस थकबाकीदार, नावासकट, आणि थकबाकी किती वर्षांची. ती यादी पाहून तुम्हाला गावाचा जो इतिहास कळेल तो कोणत्याही पुस्तकात नाही. मग कचऱ्याचा हिशोब. ओला किती, सुका किती, तुमच्या एमआरएफ शेडमध्ये, म्हणजे सुका कचरा निवडतात तिथे, किती जातो, साळगावच्या किंवा काकोड्याच्या प्रकल्पाकडे किती जातो, आणि रोज फेऱ्या किती दाखवल्या आहेत. ट्रकात मावेल किती आणि लिहिले आहे किती, हा भागाकार करून पाहायचे आपल्याकडे फारसे कोणी मनावर घेत नाही. मडगावच्या सोनसोड्याचा डोंगर काही एका दिवसात झाला नव्हता, आणि २०१९च्या मे महिन्यात तो पेटला तेव्हा धूर सगळ्या गटांच्या घरात सारखाच गेला.

शिक्षिकेच्या सवयींपैकी टाचण काढायची सवय सोडू नका. रोज काय झाले, कोण आले, काय मागितले, तारखेसह. माझ्या दोन वह्या अजून कपाटात आहेत आणि एकदा चौकशीत त्यांनीच मला वाचवले. इतिवृत्त पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचून घ्या, लोक कंटाळले तरी. न झालेले ठराव इतिवृत्तात झालेले असतात.

एक सवय मात्र घरी ठेवून जा. बैठकीत कोणाला 'खाली बस' म्हणू नका. मी म्हटले होते. तो माझा तिसरीतला विद्यार्थी, तोवर मोठा बिल्डर झालेला, मध्ये मध्ये बोलत होता आणि माझ्या तोंडून सहज निघाले. सगळे सभागृह हसले. तो बसला, निमूटपणे. अविश्वासाच्या दिवशी पहिला हात त्याचा वर गेला. लाल पेन पिशवीतच ठेवा. दुसऱ्याच्या ठरावातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक चारचौघांत दाखवून मिळणारा आनंद फार महाग पडतो. हा आनंद मी बरेचदा घेतला, म्हणून किंमत माहीत आहे.

आता गाडेवाला. तो दोनदा नापास झाला याचे ओझे तुमच्या मनावर आहे, ते पत्रात दिसते, आणि ते त्यालाही दिसत असणार. त्याला घरी उत्तर देऊ नका. चहा द्या, उत्तर पालिकेत. फेरीवाल्यांसाठी २०१४चा केंद्राचा कायदा आहे. गाडा कुठे लागणार, कोणाला प्रमाणपत्र मिळणार, हे नगर विक्रेता समितीतून ठरायचे असते. समितीचा अध्यक्ष मुख्याधिकारी असतो आणि तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य खुद्द फेरीवाले असायला हवेत, त्यांतही एक तृतीयांश बायका. म्हणजे नगराध्यक्षाने 'रेग्युलर' म्हटले आणि झाले, असे नाही. त्याला हेच सांगा: अर्ज दे, आवक क्रमांक घे, सर्वेक्षणात नाव आहे का बघ. आणि तुमच्या पालिकेत ती समिती बसते का, शेवटची कधी बसली, हे तुम्ही विचारा. तिला खरोखर कामाला लावलेत तर त्या मुलाचे काम नियमाने होईल आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या, कोणत्याच बाईंच्या वर्गात न बसलेल्या मिरचीवालीचेही होईल. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजाराच्या वेळी या समितीची किंमत कळते. चतुर्थीच्या आदल्या चार दिवसांत फुटपाथच्या एकेका हातासाठी भांडणे होतात, आणि ओळख असलेला सावलीत, नसलेली उन्हात.

गावातला निम्मा कारकूनवर्ग तुमचा विद्यार्थी असणार. पहिल्या आठवड्यात सगळे टीचर टीचर करत येतील. बरे वाटेल. त्यांतल्या एखाद्याने कधी फाइल पुढे सरकवताना 'टीचर, माझ्यावर विश्वास नाही?' असे विचारले, तर त्याला आठवण करून द्या की परीक्षेत तुम्ही पहिल्या नंबरवाल्याच्या बाकाजवळही फिरत होता.

यजमानांविषयी थोडे. ते नको म्हणतात, हे मला बरे लक्षण वाटते. हो हो म्हणणारे जास्त त्रासाचे. २०२२च्या विधानसभेत चाळिसांपैकी तीनच स्त्रिया निवडून आल्या आणि तिघींचेही पती राजकारणात. त्यांच्या कामाबद्दल मला काही म्हणायचे नाही, पण आपल्याकडे बाईला दार कुठून उघडते ते यावरून कळते. पालिकांत तर मी असे पाहिले आहे, की केबिनमध्ये बाई टेबलामागे, यजमान बाजूच्या खुर्चीत आणि लोक बोलतात ते बाजूच्या खुर्चीशी. तुमचे यजमान तिथे येणार नाहीत, कारण त्यांना त्यात रस नाही. तसेच राहू द्या. त्यांना घरचे खाते द्या: दारात येणाऱ्याला पाणी विचारायचे आणि पालिका कुठे आहे ते सांगायचे. माझ्या यजमानांनी हे काम इतके मन लावून केले की लोक त्यांना 'गेटकीपर' म्हणत. घरी फाइल मात्र एकही आणू देऊ नका, त्यांनाही आणि स्वतःलाही. टेबलावर एक रात्र म्हणजे पालिकेतल्या टेबलावर.

लेकीला सांगा, घेते. सासूबाईंना काही सांगू नका.

आणि बसल्यावर पहिली फाइल मागवाल ती सोपोची. बाजारातल्या बायकांकडून रोज पावती फाडून घेतात त्या पैशांचा ठेका कोणाला, कितीला, आणि पावतीवर छापलेला दर आणि हातात घेतलेला दर एकच आहे का. लिलावाची तारीख जवळ असेल तर आधी हेच. सकाळी सातला, साध्या साडीत, पिशवी घेऊन बाजारात जा आणि चार बायकांच्या पावत्या पाहा. मग गटारांकडे वळा, मे यायच्या आत.

टेप तीस मीटरची घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, गुंडाळायला हँडल असलेली. शिवणकामाची नेऊ नका.